टर्बाइन व्हीलच्या हबमध्ये बारीक ग्रेन हवेत, म्हणून मोल्ड थंड करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ७१३ एलसी या निकेल मिश्रधातूची टर्बोचार्जरची टर्बाइन व्हील्स व्हॅक्यूममध्ये ओतली जातात. ग्राहकाने व्हील कापून, एच करून (रसायनाने खरवडून) पाहिलं आणि हबमधले (मधल्या जाड भागातले) ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिक-कण, जाड आहेत म्हणून लॉट परत पाठवला. मग प्रश्नकर्त्यांनी मोल्डचं प्रीहीट १०५० वरून ९७५ अंश सेल्सिअसवर आणलं. ग्रेन किंचित सुधारले, पण पात्यांची टोकं भरेनात आणि हबमध्ये श्रिंकेज (गोठताना आकसून पडणाऱ्या पोकळ्या) दिसू लागलं. ते विचारतात, "लवकर थंड केलं की स्ट्रक्चर बारीक होतं, हे पुस्तकात आहे. मग विमानाच्या इंजिनातली ब्लेड मुद्दाम सावकाश का गोठवतात? आणि आमचं अडतंय कुठे? पुढे ७१८ (दुसरा निकेल मिश्रधातू) पण घेणार आहोत, त्यालाही हेच लागू का?"

मी बरीच वर्षं निकेल मिश्रधातूंच्या इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये आहे, बहुतेक काम पुण्याच्या आसपासच्या फाउंड्र्यांमध्ये. एक आधीच सांगतो. व्हीलचा व्यास, एका झाडावर (एकाच मुख्य दांड्याला जोडलेल्या नगांच्या गुच्छात) किती व्हील्स, शेलचे (मोल्डच्या सिरॅमिक कवचाचे) थर किती, गेट (धातू आत जायची वाट) कुठे, यातलं काहीच प्रश्नात नाही आणि मोल्डचं योग्य तापमान नेमकं यावरच ठरतं. त्यामुळे आकडा देणार नाही. विचार कसा करायचा आणि तुमच्या जागी मी कशाला आधी हात घातला असता, तेवढं सांगतो.

तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, हे घरोघरी माहीत असतं. "लवकर थंड तर बारीक" हा तर्कही त्याच धाटणीचा आहे. पण आपल्या धातूत "बारीक" म्हणताना आपण चार निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो. ग्रेनचा आकार ही एक. ग्रेनच्या आत वाढलेल्या डेंड्राइटच्या (झाडासारख्या फांद्या फुटलेल्या स्फटिकाच्या) फांद्यांमधलं अंतर ही दुसरी. फांद्यांच्या मधल्या फटीत शेवटी गोठलेल्या द्रवातून आलेले कार्बाइड आणि युटेक्टिक (शेवटी एकत्र गोठलेलं मिश्रण) ही तिसरी. चौथी म्हणजे धातूला ताकद देणारे गॅमा प्राइमचे कण, ते तर द्रव संपल्यावर, घन धातू थंड होताना तयार होतात. या चारही गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात. तुमच्या ग्राहकाची तक्रार पहिल्या गोष्टीबद्दल आहे आणि तुम्ही फिरवलेलं बटण मुख्यतः दुसरीचं आहे.

हे आकड्यांत करून बघू. समजा पातं १ मिलिमीटर जाड आहे आणि हबचा व्यास २० मिलिमीटर. आकारमान भागिले पृष्ठफळ, म्हणजे मॉड्युलस, पात्यात ०.५ आणि हबमध्ये ५ येतो. ख्वोरिनोव्हच्या नियमाने गोठण्याचा वेळ मॉड्युलसच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे हबला पात्याच्या शंभरपट वेळ लागतो. (व्हॅक्यूममध्ये शेल बाहेरून फक्त प्रारणाने उष्णता टाकतं, त्यामुळे नियम तंतोतंत लागू होत नाही. अंदाजापुरता चालतो.) डेंड्राइटच्या दुय्यम फांद्यांमधलं अंतर त्या वेळेच्या घनमुळाप्रमाणे वाढतं, आणि १०० चं घनमूळ साधारण ४.६. पात्यात १० मायक्रॉन असेल तर हबमध्ये ४५ च्या आसपास मिळायला हवं. तुमच्या छेदात मोजून बघा, फार लांब जाणार नाही.

आता मोल्ड ७५ अंशांनी उतरवल्याचा हिशेब. धातू १३०० च्या आसपास गोठतो असं धरलं तर मोल्डशी असलेला फरक २५० वरून ३२५ झाला. गोठण्याचा वेळ ढोबळमानाने या फरकाच्या वर्गाने घटतो, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी कमी. उरलेल्या ०.५९ पटीचं घनमूळ घेतलं की फांद्यांमधलं अंतर कमी झालं जेमतेम १६ टक्क्यांनी. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतही हरवून जाईल, आणि त्यासाठी तुम्ही पात्यांची टोकं गमावलीत. अंतर निम्मं करायचं तर गोठणं आठपट जलद व्हायला हवं, आणि ठरलेल्या भूमितीच्या हबमध्ये ते मोल्डच्या तापमानाने होत नाही.

मग ग्रेन कशाने ठरतो? आधी विमानाच्या ब्लेडचा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर हातात आलं की हे सोपं होतं. गोठणाऱ्या सीमेपाशी दोन राशी असतात. एक ग्रेडियंट, म्हणजे सीमेपासून द्रवात पुढे जाताना तापमान दर मिलिमीटरला किती चढतं. दुसरा वेग, म्हणजे ती सीमा किती जलद पुढे सरकते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे थंड होण्याचा दर, आणि रचना किती बारीक होणार हे तो सांगतो. रचना कोणत्या जातीची होणार, हे ग्रेडियंट भागिले वेग या भागाकारावर असतं. गोठताना घन धातू टायटॅनियम, नायोबियम यांसारखी मूलद्रव्यं पुढच्या द्रवात ढकलतो, त्यामुळे सीमेच्या लगतच्या द्रवाचा गोठणबिंदू उतरतो आणि जरा पुढे गेलं की तो पुन्हा वर चढत जातो. ग्रेडियंट तीव्र आणि वेग कमी असेल तर पुढचा द्रव आपल्या गोठणबिंदूच्या वरच राहतो, तिथे नवा ग्रेन जन्मत नाही आणि आधीचेच ग्रेन लांबत जातात. ग्रेडियंट मंद असला की सीमेच्या पुढचा द्रव गोठणबिंदूच्या खाली जातो. तिथे बीज मिळालं की नवे, सगळीकडे सारखे वाढणारे इक्विअ‍ॅक्स्ड ग्रेन उठतात. टोरांटोच्या टिलर, जॅक्सन, रटर आणि चाल्मर्स यांनी १९५३ मध्ये हे मांडलं आणि आजही रोजच्या कामात तेच वापरतो.

ब्लेडवाले नेमका हा भागाकार मोठा ठेवतात. गरम भट्टीतून मोल्ड बॅफलमधून (उष्णता अडवणाऱ्या पडद्यातून) खाली, साधारण मिनिटाला ३ मिलिमीटरच्या घरात ओढायचा, खाली पाण्याने थंड केलेली तांब्याची चिल प्लेट, मध्ये डुकराच्या शेपटीसारखा वळलेला सिलेक्टर. त्यातून एकच ग्रेन वर निसटतो आणि अख्खं ब्लेड एका स्फटिकाचं होतं. प्रॅट अँड व्हिटनीमध्ये फ्रँक व्हर्स्नायडर यांनी १९६० च्या दशकात आधी स्तंभाकार ग्रेनची ब्लेड या मार्गाने आणली, आणि १९८२ मध्ये एकस्फटिक ब्लेड जेटी९डी-७आर४ या प्रवासी विमानाच्या इंजिनात आली. आपल्याकडे हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातू प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिक ब्लेड करून २०२१ मध्ये ६० नगांची पहिली खेप एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्सला) दिली. सावकाश ओढण्याचा हेतू ग्रेनच्या सीमा नाहीशा करणं हा आहे. हजार अंशांच्या पुढे, सततच्या ताणाखाली, क्रीप (धातू हळूहळू लांबत जाणं) सीमांवरूनच सुरू होतो. जाड डेंड्राइट ही त्या सावकाशीची किंमत आहे, आणि ती त्यांनाही खटकतेच. ग्रेडियंट दुप्पट केला तर मुख्य फांद्यांमधलं अंतर सुमारे २९ टक्क्यांनी घटतं, ओढण्याचा वेग दुप्पट केला तर १६ टक्क्यांनीच, शिवाय गोठणारी सीमा बॅफलच्या खाली घसरून वाकते आणि प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यात भलतेच ग्रेन उगवतात. म्हणून ती मंडळी वेग वाढवण्याऐवजी वितळलेल्या कथिलाच्या टाकीत मोल्ड बुडवून ग्रेडियंट वाढवण्यावर पैसे घालतात.

तुमच्या व्हीलची अडचण अशी की एकाच नगाच्या दोन टोकांना उलट गोष्टी हव्या असतात. पातं एग्झॉस्टच्या झोतात असतं, तिथे क्रीप महत्त्वाचा आणि मोठे ग्रेन चालतात. हब त्या मानाने थंड, पण फिरण्याचा ताण तिथे सर्वांत जास्त. तिथे बारीक, इक्विअ‍ॅक्स्ड ग्रेन असतील तर थकव्याने तडा जायला उशीर लागतो. त्यामुळे ग्राहक हबबद्दल अडून बसलाय ते बरोबर आहे. पात्याच्या ग्रेनवरही तो बोट ठेवत असेल तर मात्र त्याला ड्रॉइंगमधलं कलम दाखवायला सांगा. पुष्कळदा ते कलम हबपुरतंच असतं आणि तपासणारा माणूस सगळीकडे लावतो.

हबमध्ये ग्रेडियंट मंदच असतो, म्हणजे इक्विअ‍ॅक्स्डला परिस्थिती अनुकूल आहे. तरीही ग्रेन जाड येतात याचा अर्थ बीजं कमी पडताहेत. दहा बीजं असतील तर दहाच ग्रेन होणार, मग मोल्ड कितीही थंड ठेवा. आणि बीजं मारण्याचं काम सर्वांत जास्त करतं ते ओतण्याचं तापमान. भिंतीवर उगवलेले बारीक स्फटिक प्रवाहाबरोबर हबच्या मध्यात जातात. तिथला द्रव शंभर-सव्वाशे अंशांनी जास्त तापलेला असेल तर ते विरघळून जातात. द्रवणांकाच्या थोडंच वर ओतलं तर टिकतात. त्यातही बरी गोष्ट ही, की सुपरहीटमधली, म्हणजे द्रवणांकाच्या वर तापवल्याची, उष्णता सुप्त उष्णतेच्या मानाने थोडी असते. म्हणून ओतण्याचं तापमान २०-३० अंशांनी उतरवलं तर गोठण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही, पण ग्रेनच्या संख्येत पडतो. पातळ पात्याचं भरणं मात्र मोल्डच्या तापमानावर जास्त अवलंबून असतं, कारण १ मिलिमीटर धातूजवळ स्वतःची उष्णता असते किती?

म्हणून माझा क्रम असा: मोल्ड पुन्हा १०५० वर न्या आणि ओतण्याचं तापमान दहा-दहा अंशांनी उतरवत जा, एका वेळी एकच बदल करून.

त्याआधी एक तपासा. तुम्ही मानता ते तापमान खरं आहे का? व्हॅक्यूम भट्टीत पायरोमीटर (प्रकाशावरून तापमान मोजणारं यंत्र) काचेतून बघतो आणि हीटमागून हीट (एकेक वितळण) त्या काचेवर क्रोमियमच्या वाफेची पुटं चढतात. प्रकाश कमी पोचतो, पायरोमीटर कमी तापमान दाखवतो, ऑपरेटर पॉवर वाढवतो. आकडा तोच, धातू मात्र ३०-४० अंश जास्त तापलेला. एका फाउंड्रीत सकाळच्या हीट पास आणि संध्याकाळच्या नापास होत होत्या, आणि सगळे शेलच्या प्रीहीटच्या मागे लागले होते. काच काढून उजेडात धरली तर चहाच्या रंगाची झाली होती. बुडवायचा थर्मोकपल असेल तर दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकदा ताडून बघा. नसेल तर निदान काच बदलण्याचं वेळापत्रक ठरवा. दोन तरंगलांबींवर मोजणारा पायरोमीटर या बाबतीत जास्त भरवशाचा.

दुसरी तपासणी पहिल्या कोटची. तुमच्या फेसकोटच्या स्लरीत कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेट आहे का? फोडलेल्या शेलचा न ओतलेला तुकडा घ्या, आतली बाजू स्वच्छ निळी दिसायला हवी. धातूतलं अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम त्यातला कोबाल्ट मोकळा करतात आणि कोबाल्टच्या त्या सूक्ष्म कणांवर निकेलचे ग्रेन सहज उगवतात. याचा गुण पृष्ठभागापासून थोड्याच खोलीपर्यंत पोचतो, हबच्या गाभ्यापर्यंत नाही. खूप गरम धातू ओतला तर पृष्ठभागावरही तो टिकत नाही. त्यामुळे बाहेरून बारीक आणि कापल्यावर जाड, असं व्हील दिसलं तर निळा कोट आपलं काम करतोय आणि दोष सुपरहीटमध्ये शोधा, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आता श्रिंकेज. मोल्ड थंड केल्यावर ते वाढलं हे तुम्हाला उलटं वाटलं असेल. तुमचं व्हील हबच्या एका टोकाकडून फीड होत असणार. मोल्ड थंड असला की गेटचा गळा आधी गोठतो आणि हबच्या मध्यातला शेवटचा द्रव एकटा पडतो. दुसरं कारण ग्रेनशी जोडलेलं आहे. इक्विअ‍ॅक्स्ड ग्रेन सगळीकडे एकदम उठले की त्यांचा लगदा होतो आणि द्रवाला त्यातून वाट काढणं जड जातं. म्हणून बारीक ग्रेन आणि सूक्ष्म पोकळ्या सहसा बरोबर येतात, आणि बारीक ग्रेनची मोठी कास्टिंग्ज बहुधा हिप करूनच (गरम ठेवून वायूच्या दाबाने पोकळ्या मिटवूनच) पाठवतात. सिम्युलेशन करत असाल तर श्रिंकेजचा अंदाज देणारा नियामा निकष बघा, ग्रेडियंट भागिले थंड होण्याच्या दराचं वर्गमूळ. १९८२ चा तो निकष पोलादाच्या कास्टिंगवर बेतलेला होता, त्यामुळे त्याची मर्यादा उचलून ७१३ ला लावू नका. आपल्याच चांगल्या-वाईट नगांवरून स्वतःची रेघ ठरवा.

यावर इलाज उष्णतेची दिशा बदलणं. पोअरिंग कप आणि गेटभोवती सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळा आणि ओतल्यावर कपवर एक्झोथर्मिक पावडर टाका, म्हणजे फीडर शेवटपर्यंत जिवंत राहील. पात्यांच्या बाजूला ब्लँकेट लागेल की नाही हे भरण्यावर ठरवा. आणि झाडाकडे एकदा नीट बघा. व्हॅक्यूममध्ये उष्णता जाते ती शेलला समोर काय दिसतं त्यावर. बाहेरच्या बाजूला समोर भट्टीची थंड भिंत असते, आतल्या बाजूला मधला तापलेला स्प्रू (झाडाचा मुख्य दांडा) आणि शेजारची व्हील्स. एकाच व्हीलच्या आतल्या अर्ध्यात जाड ग्रेन आणि पोकळ्या, बाहेरचा अर्धा छान, असं दिसलं तर व्हील्समधलं अंतर वाढवा. एका झाडावर एखादं व्हील कमी ओतायला मॅनेजर तयार होणार नाहीत, तेव्हा छेदाचा फोटो पुढे ठेवा.

इथवरचं एका ओळीत: ग्रेनसाठी ओतण्याचं तापमान आणि बीजं, भरण्यासाठी मोल्डचं तापमान, श्रिंकेजसाठी गेट, ब्लँकेट आणि झाडाची मांडणी.

गॅमा प्राइमकडे लोकांचं लक्ष जात नाही, म्हणून थोडं त्याबद्दल. ७१३ बहुतेक ठिकाणी ओतलेल्या स्थितीतच वापरतात, सोल्यूशन ट्रीटमेंट (गॅमा प्राइम विरघळवण्यासाठी तापवणं) न देता. आणि यात गॅमा प्राइम निम्म्याहून जास्त असतो. म्हणजे ताकद ज्यावर उभी आहे तो कण मोल्ड कसा निवला यावरच ठरतो. ग्रेन आणि डेंड्राइट तसेच राहून, फक्त जास्त ब्लँकेट गुंडाळल्याने किंवा गरम मोल्ड डब्यात झाकून ठेवल्याने गॅमा प्राइम जाड होऊन टेन्साइलचे आकडे बदलू शकतात. ब्लँकेटमध्ये बदल केलात तर कडकपणा आणि टेन्साइल पुन्हा तपासा, ग्रेन बघून थांबू नका.

कार्बाइडचं तुमच्याकडे बहुधा संकट नाही, कारण एलसीमध्ये कार्बन ०.०५ टक्क्याच्या आसपास असतो, साध्या ७१३ सीमध्ये ०.१२. जास्त कार्बनच्या ग्रेडमध्ये फांद्यांच्या फटीत अक्षरांसारखे वळणावळणाचे कार्बाइड येतात आणि तडे त्यांच्यावरून सुरू होतात. पण रिव्हर्ट, म्हणजे जुने गेट-रायझर परत वितळवून वापरत असाल, तर नायट्रोजनकडे बघा. तो वाढला की टायटॅनियमचे कार्बोनायट्राइड वाढतात, सूक्ष्म पोकळ्याही वाढतात. काही लॉट चांगले आणि काही वाईट, आणि भट्टीचे आकडे तेच, असं असेल तर माझा पहिला संशय तिथे जातो.

७१८ चं गणित वेगळं आहे. तिथे मुख्य खलनायक नायोबियम, सुमारे ५ टक्के. गोठताना तो फटीतल्या द्रवात साचत जातो आणि शेवटी लाव्हीज नावाचा ठिसूळ फेज तयार होतो. ७१८ ला ताकद देणाऱ्या गॅमा डबल प्राइमच्या कणांना लागणारा नायोबियम त्यातच अडकून पडतो. इथे डेंड्राइटचं अंतर खरोखर पैशांत मोजता येतं, कारण होमोजिनायझेशनला (तापवून घटक सगळीकडे सारखे पसरवायला) लागणारा वेळ त्या अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. अंतर निम्मं, तर वेळ एक चतुर्थांश. जाड भागात लाव्हीज शिल्लक राहिला की लोक भट्टीचं तापमान वाढवतात, तसं एकदम करू नका. लाव्हीजचा युटेक्टिक मूळ धातूच्या बराच आधी वितळतो आणि मग जिथे ठिसूळ फेज होता तिथे पोकळी राहते. आधी १०९५ च्या आसपास धरून नायोबियम पसरू द्यायचा, मग वर जायचं. हिप करणार असाल तर हिपच्या आधीही हीच काळजी.

मोठ्या इंगटमध्ये (ओतलेल्या ठोकळ्यात) हाच नायोबियम फ्रेकल (घटक साचून झालेले माळेसारखे डाग) आणतो, कारण फटीतला द्रव जड होऊन खाली वाहतो. म्हणूनच ७१८ चे व्हीएआर (व्हॅक्यूममध्ये आर्कने पुन्हा वितळवलेले) इंगट हवे तेवढे जाड करता येत नाहीत. एकस्फटिक ब्लेडमध्ये उलट होतं. टंगस्टन आणि ऱ्हेनियम डेंड्राइटच्या गाभ्यात राहतात, अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमने हलका झालेला द्रव वर उसळतो आणि ब्लेडच्या अंगावर ग्रेनची उभी माळ उमटते. तुमच्या आकाराच्या व्हीलमध्ये या दोन्हींची भीती नाही.

पुढची हीट घ्याल तेव्हा हबच्या शेलमध्ये एक आणि गेटच्या गळ्यापाशी एक, असे दोन थर्मोकपल बसवा. झाडाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने एकेक व्हील अक्षातून उभं कापा, फेरिक क्लोराइडने मॅक्रो एच करा. नंतर हबच्या मध्यातून एक नमुना पॉलिश करून ओळीत निदान पाच फांद्या दिसतील अशा जागी अंतर मोजा. हे फोटो, दोन्ही कूलिंग कर्व्ह, पायरोमीटरची काच शेवटची कधी बदलली ते आणि रिव्हर्टचं प्रमाण इथेच टाका. गळा हबच्या आधी गोठतोय की नंतर, हे त्या दोन कर्व्हवरून लगेच सांगता येईल, आणि गेट बदलायचा की ब्लँकेटवर भागेल ते त्यावर ठरवू.